गावाबाहेर फिरताना कुत्र्याला गोचीड आणि सापापासून कसं जपता?

ओढ्याकाठी

चिमी घरी आल्यापासून आमचं सकाळ-संध्याकाळ गावाबाहेर फिरणं सुरू झालं आहे. दाट केसांची, मध्यम अंगाची कुत्री आहे आणि नाक सतत जमिनीला. पायवाट सोडून गवतात घुसायचं, दगडांच्या फटीत तोंड घालायचं, बांधावरचं बीळ उकरायचं, यातच तिचा सगळा आनंद. तो मला हिरावून घ्यायचा नाही. पण घरी आल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचिड्या सापडतात. त्यात परवा वाटेच्या कडेला सापाची कात दिसली, तेव्हापासून धास्ती बसली आहे.

गोचिडीसाठी गोळी द्यावी, मानेवर थेंब टाकावेत की औषधाचा पट्टा बांधावा? सापाचं काय करता? साखळी सोडता की नाही? आणि दंश झालाच तर पहिल्या काही मिनिटांत नेमकं काय करायचं? जे प्रत्यक्ष कुत्र्यांना असं फिरवतात त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

सावलीतला

हेच प्रश्न माझेही आहेत. वाचतोय.

निळाभोर

प्राण्यांच्या दवाखान्यात काम करतो, त्यामुळे गोचिडीच्या तापाची कुत्री नेहमी बघतो. आधी गोचिडीबद्दल सविस्तर लिहितो, कारण साप क्वचित भेटेल, गोचीड रोज भेटणार आहे.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही, झाडावरून अंगावर टपकत नाही. ती गवताच्या पात्यावर किंवा झुडपाच्या टोकाला चढून पुढचे पाय पसरून बसते आणि कोणी घासून गेलं की अंगाला धरते. तिच्या पुढच्या पायांवर हॅलरचं इंद्रिय असतं. त्यातून तिला श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि वास कळतो. म्हणजे जिथून जनावरांची रोजची ये-जा आहे, अशा वाटांच्या कडेचं गवत ही तिची आवडती जागा. चिमी नेमकी तिथेच नाक घालते.

अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अळीला सहा पाय असतात आणि ती इतकी बारीक असते की दाट केसांत दिसतच नाही. पुढे निम्फ, म्हणजे मधली अवस्था, आणि मग प्रौढ, या दोघांना आठ पाय. प्रत्येक टप्प्यावर तिला एकदा पोटभर रक्त लागतं. पोट भरलेली मादी एरंडाच्या बीसारखी टम्म फुगते, कुत्र्यावरून गळून पडते आणि एखाद्या फटीत शिरून हजारो अंडी घालते. कुत्र्यांवर सर्रास सापडणारी तपकिरी गोचीड तर घरातच सगळं जीवनचक्र पूर्ण करू शकते. त्यामुळे 'पावसाळा संपला, गोचीड संपली' असं धरून चालू नका.

आता आजार. एर्लिकिया, बबेसिया, ॲनाप्लाझ्मा ही मुख्य नावं. हेपॅटोझून नावाचा आणखी एक जंतू आहे, तो गोचीड चावल्याने नाही तर कुत्र्याने गोचीड गिळल्याने होतो. म्हणून कुत्रा स्वतःच दातांनी गोचीड उपटून खात असेल तर ते कौतुकाने बघत बसू नये. ताप, खाणं सोडणं, मरगळ, हिरड्या पांढुरक्या पडणं, नाकातून रक्त, पोटावर लाल-जांभळे ठिपके, लघवी गडद तांबूस होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. एर्लिकियाची पहिली लक्षणं कधीकधी आपोआप ओसरतात आणि कुत्रा बरा झाला असं वाटतं. पण जंतू अंगात राहतो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, अस्थिमज्जेवर घाला घालतो. पहिल्या तापाला वेळेत पकडलं तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चांगलं काम करतं. कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो आणि कुत्रा आठवड्यात उड्या मारायला लागला तरी तो पुरा करायचा असतो. बरेच जण इथेच थांबतात आणि नंतर पस्तावतात.

हिरवी_पानं

माहिती उत्तम, निळाभोर. पण एक विचारते. या गोळ्या म्हणजे कीटकनाशकच ना? ते रक्तात फिरत ठेवायचं हे मला पटत नाही. मी कडुनिंबाचं तेल पातळ करून लावते आणि रोज विंचरते. कुत्रा ठणठणीत आहे.

खंड्याचा_बाबा

हिरवी_पानं, रोज विंचरता ही तुमची खरी ढाल आहे, तेल नव्हे. तेलाच्या वासाने थोडा वेळ गोचीड लांब राहील, पण गवतातून रोज तासभर चालणाऱ्या कुत्र्याला तेवढं पुरत नाही.

आणि हे वाचून कोणी दुसरी तेलं लावायला जाऊ नका. टी ट्री ऑइल कुत्र्यांना विषारी आहे. अंगावर लावलेलंही त्वचेतून शोषलं जातं, चाटलं तर आणखी वाईट. लसूण खायला घातला की गोचीड लागत नाही हा आणखी एक समज. लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. बबेसियाही त्याच पेशी फोडतो. म्हणजे आजार टाळायला जाऊन त्याच्याच हाताला हात लावल्यासारखं.

हिरवी_पानं

लसणाचं माहीत नव्हतं. मी देत नाही, पण सांगितलंत ते बरं केलंत. रोज हात फिरवण्याबद्दल तर आपलं एकमतच आहे.

मोगरा_मी

औषधांबद्दल थोडं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी फरक नीट समजावून सांगितला होता, तो लिहिते.

पोटात द्यायच्या नव्या गोळ्यांत फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सॅरोलानर, लोटिलानर यांपैकी एक औषध असतं. फ्लुरालानरचा परिणाम साधारण १२ आठवडे राहतो, बाकीच्यांचा महिनाभर. गोचीड चावून रक्त प्यायली की मरते. म्हणजे चावावं लागतंच. फ्लुमेथ्रिन आणि इमिडाक्लोप्रिड असलेला पट्टा त्वचेवर हळूहळू औषध सोडतो, आठ महिन्यांपर्यंत चालतो, आणि बऱ्याच गोचिड्या चावायच्या आधीच सुटून पडतात. पर्मेथ्रिनचे मानेवरचे थेंबही गोचिडीला दूर ठेवतात. फिप्रोनिलचे थेंब मात्र मारतात, दूर ठेवत नाहीत.

कुठलं निवडायचं हे कुत्र्यावर अवलंबून. सतत पाण्यात डुंबणाऱ्याला गोळी सोयीची. फिट येणाऱ्या कुत्र्याला गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके, थरथर, तोल जाणं असे त्रास होऊ शकतात, अशी सूचना अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१८ साली दिली आहे. बहुसंख्य कुत्र्यांना काही होत नाही, पण आपल्या कुत्र्याचा इतिहास आपल्यालाच सांगावा लागतो.

बोक्याची_आज्जी

मोगरा_मी, यात एक वाक्य माझ्याकडून ठळक अक्षरांत धरा. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिनचे थेंब कुत्र्यालाही टाकू नका, किंवा ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. थरथर, झटके आणि मृत्यू. आमचा बोका कुत्र्याच्या पाठीवर डोकं ठेवून झोपतो, म्हणून आम्ही ते औषध घरातच आणत नाही.

सावलीतला

कुत्र्याच्या पाठीवर झोपणारा बोका! आज्जी, त्याचा फोटो आल्याशिवाय धागा पुढे सरकणार नाही.

बोक्याची_आज्जी

फोटो काढायला गेलं की दोघं उठून येतात. प्रयत्न चालू आहे.

दगडधोंडे

चिकटलेली गोचीड काढायची कशी? आमच्याकडे सगळे सांगतात की रॉकेलचा थेंब टाका, नाहीतर उदबत्तीचा चटका द्या, आपोआप सुटते.

निळाभोर

चटका नको, रॉकेल नको, तेल नको, नेलपॉलिशही नको. त्रास दिला की गोचीड पोटातलं परत जखमेत ओकण्याचा धोका असतो, आणि जंतू तिच्या पोटात किंवा लाळेतच असतात. शिवाय भाजलेली कातडी निस्तरावी लागते ती वेगळीच.

बारीक टोकाचा चिमटा घ्या. हातमोजे घाला, कारण यातले काही जंतू माणसालाही लागू शकतात. केस बाजूला करून चिमटा अगदी कातडीलगत टेकवा, गोचिडीच्या फुगलेल्या पोटाला नाही तर तोंडाकडच्या भागाला धरा, आणि सरळ वर, एका संथ जोराने ओढा. झटका नको. गोचीड काढायचा आकडा मिळतो, तो असेल तर त्याच्या रीतीने हलका पीळ देऊन काढा. तोंडाचा बारीकसा तुकडा आत राहिला तर सुईने कोरत बसू नका, कातडी तो काही दिवसांत बाहेर टाकते. जागा जंतुनाशकाने पुसा. काढलेली गोचीड नखाने चिरडायची नाही, स्पिरिट भरलेल्या बाटलीत टाकायची. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्रा आजारी पडला तर डॉक्टरांना ही तारीख सांगता आली पाहिजे, म्हणून लिहून ठेवा.

वेळेचंही महत्त्व आहे. बबेसिया किंवा लाइम आजाराचा जंतू अंगात उतरायला साधारण एक ते दोन दिवस लागतात, पण एर्लिकिया काही तासांतच उतरू शकतो. म्हणून 'रविवारी आंघोळ घालताना बघू' हे चालत नाही. घरात शिरायच्या आधी, उंबऱ्याबाहेरच तपासायचं.

मोगरा_मी

तपासताना डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. केसांच्या उलट दिशेने बोटं फिरवली की बारीक खडा लागल्यासारखं जाणवतं. कानाच्या आत आणि कानाच्या कडेचा दुमडलेला खिसा, पापण्या, हनुवटीखाली, गळपट्ट्याच्या खाली, काखा, जांघा, शेपटीच्या बुडाशी, आणि पायाच्या प्रत्येक बेचक्यात. माझी चंपी आता दारात येऊन आपणहून आडवी होते, कारण तपासणीनंतर खाऊ मिळतो.

स्तनाग्रं आणि चामखीळ बोटांना गोचिडीसारखी लागतात, तेव्हा ओढायच्या आधी उजेडात बघा!

माळरानी

गोचिडीचं छान झालं. आता सापाकडे वळू या, आणि इथे माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही. गवताळ, खडकाळ भागात कुत्र्याला मोकळं सोडू नये. कधीच नाही. साखळी दोन मीटरची ठेवा, लांबत जाणारी दोरी नको. साप साधारण आपल्या लांबीच्या निम्म्या अंतरापर्यंत झेप घेऊ शकतो, त्यामुळे दोन-तीन पावलांच्या टापूत कुत्रा असेल तर तुम्ही त्याला मागे खेचू शकता. दहा मीटर पुढे झुडपात गेलेल्या कुत्र्याला साप दिसतोय हे तुम्हाला कळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

वारा_प्यालेला

माळरानी, असहमत. कुत्रा म्हणजे काय फक्त जिवंत राहण्यासाठी पाळलेलं जनावर आहे का? मोकळं धावणं, वास घेणं हे त्याचं जगणं आहे. माझी दोन्ही कुत्री हाकेला वळतात. नीट शिकवलेल्या कुत्र्याला साखळीची गरज नाही.

माळरानी

वारा_प्यालेला, हाकेला वळणं उत्तम. पण हाक कधी मारणार? तुम्हाला साप दिसल्यावरच ना? आणि गवतातला साप कुत्र्याच्या आधी माणसाला दिसत नाही. घोणस वाळक्या पाल्यावर पडलेली असताना दोन पावलांवरूनही ओळखू येत नाही.

मोकळं धावायला मीही सोडते, पण कापलेल्या गवताच्या, उघड्या, नजर पोचेल अशा मैदानात. ओढ्याच्या काठावर, दगडांच्या ढिगाशी, लाकडं रचून ठेवलेल्या जागी, वारुळांजवळ, उंदरांची बिळं असलेल्या बांधावर साखळी लावायचीच. उंदीर जिथे, साप तिथे.

वारा_प्यालेला

जागेप्रमाणे ठरवायचं, हे मान्य. ओढ्याकाठचा भाग मी आजपासून साखळीत करतो.

पावलं_मोजत

चालण्याची वेळही धरा. साप स्वतःच्या अंगात उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या उन्हावर चालतो. थंडीत तो सकाळी उशिरा उन्हाला वाटेवर, दगडावर येऊन पडतो. कडक उन्हाच्या दिवसांत दुपारी आत दडतो आणि संध्याकाळी-रात्री बाहेर पडतो. मण्यार तर रात्रीचीच. म्हणजे 'पहाटे गेलं की साप नसतो' असा वर्षभराचा एकच नियम नाही, ऋतूप्रमाणे वेळ बदलायला हवी. अंधारात जायचंच असेल तर हातात भरपूर उजेडाची विजेरी हवी, आणि झोत समोर लांब न टाकता कुत्र्याच्या पुढच्या जमिनीवर टाका.

काठी आपटत चालणं खरंच उपयोगी आहे. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीतली कंपनं जबड्याच्या हाडातून त्याला छान जाणवतात. बहुतेक साप वाट सोडून निघून जातात. घोणस आणि फुरसं मात्र जागेवर दबून राहतात, म्हणून काठी आपटली की सगळं सुरक्षित असं समजू नका. घोणशीचा मोठा, लांबलेला फूत्कार ऐकू आला तर तिथेच थांबा, कुत्र्याला पायाशी घ्या आणि आल्या वाटेने मागे फिरा.

दगडधोंडे

वाटेत साप दिसला तर मारून टाकलेला बरा नाही का? उद्या दुसऱ्याच्या कुत्र्याला चावेल.

माळरानी

नाही, दगडधोंडे. मारायला जवळ जाणं हेच दंशाचं एक मोठं कारण आहे. त्यातून तुमचं कुत्रं तुमच्या आधी पुढे झेपावतं. शिवाय दिसणारा साप बऱ्याचदा धामण किंवा दिवड असतो, दोन्ही बिनविषारी. धामण तर उंदीर खाऊन उलट उपकारच करते.

मेलेल्या सापाच्या जवळही कुत्र्याला जाऊ देऊ नका. तुटलेलं डोकं बराच वेळ चावू शकतं, ती केवळ स्नायूंची प्रतिक्रिया असते, पण विष खरं असतं.

रानजाई

आमच्या शेरूला साप चावला होता, म्हणून लिहिते आहे. संध्याकाळची वेळ, वाटेच्या कडेच्या वाळक्या गवतात त्याने तोंड घातलं, एकदम केकाटला आणि मागे सरला. साप आम्हाला दिसलाही नाही. नाकाच्या बाजूला रक्ताचे दोन थेंब होते. बघता बघता तोंड सुजायला लागलं.

आजूबाजूला जमलेली माणसं मनाने चांगली होती, पण प्रत्येक जण वेगळं सांगत होता. एक म्हणाला गळ्याला करकचून बांधा, दुसरा म्हणाला चिरा देऊन रक्त काढा. आम्ही यातलं काही केलं नाही. गळपट्टा आणि हार्नेस लगेच काढला, कारण सूज मानेकडे उतरत होती. शेरूला एक पाऊलही चालू दिलं नाही, उचलून गाडीत नेलं. वाटेतच दवाखान्यांना फोन लावले आणि एकच विचारलं, 'प्रतिविष आहे का?' पहिल्या ठिकाणी नव्हतं. विचारलं नसतं तर तिथे जाऊन परत फिरण्यात वेळ गेला असता.

पोचल्यावर डॉक्टरांनी त्याचं रक्त काचेच्या साध्या नळीत घेऊन २० मिनिटं तसंच ठेवलं. गोठलं नाही. त्यावरून रक्तावर परिणाम करणारं विष आहे हे ठरलं, आणि सलाइनमधून प्रतिविष सुरू झालं. शेरू वाचला. नाकाच्या टोकाची थोडी कातडी गेली, तिथे आता केस येत नाहीत. ओढ्याकाठी, तुम्ही विचारलं होतं पहिल्या काही मिनिटांत काय करायचं. शांत ठेवणं, उचलणं, गळ्यातलं काढणं, फोन करणं, निघणं. आम्ही एवढंच केलं.

वारा_प्यालेला

रानजाई, वाचताना घशाशी आलं. शेरूला माझ्याकडून कानामागे खाजवा.

निळाभोर

रानजाई यांनी सगळं अचूक केलं. त्यात थोडी भर घालतो.

कुत्र्यांना दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. घोणस-फुरशासारख्यांच्या दंशात सूज, वेदना, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त दिसतं. नाग आणि मण्यारीचं विष मज्जासंस्थेवर जातं. पापण्या जड होतात, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात, श्वास उथळ होतो. मण्यारीच्या दंशात सूज नसते, खूण शोधूनही सापडत नाही आणि दुखतही नाही. म्हणून रात्री फिरून आलेला कुत्रा तासा-दोन तासांनी दारू प्यायल्यासारखा झुलायला लागला, तर 'थकला असेल' म्हणून झोपू देऊ नका.

बर्फ लावायचा नाही, चोखायचं नाही, चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. वेदनेसाठी माणसांच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. सापाला पकडून आणायची गरज नाही, सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर ठीक. काही दंशांत विष सोडलेलंच नसतं, पण ते ठरवायचं काम दवाखान्याचं. सुरुवातीला लक्षणं नसली तरी निदान २४ तास देखरेख लागते.

आणि प्रतिविष प्रदेशाप्रमाणे वेगळं असतं. भारतात मिळणारं नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर तयार केलेलं असतं. दुसऱ्या देशात राहणाऱ्या सदस्यांनी तिथले विषारी साप कोणते आणि त्यांचं प्रतिविष जवळ कुठे असतं, हे आधीच विचारून ठेवावं.

दूरदेशी

बाहेर राहणाऱ्यांसाठी भर. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर एक गोचीड आहे, तिच्या लाळेतल्या विषाने कुत्र्याला लकवा होतो. मागच्या पायांपासून सुरू होऊन श्वासापर्यंत जातो, एकाच गोचिडीने. भुंकण्याचा आवाज बदलणं ही लवकर दिसणारी खूण. युरोपात ॲडर जातीचा साप वसंतात उन्हाला पडलेला असतो, तेव्हा कुत्र्यांना दंश जास्त होतात. अमेरिकेत रॅटलस्नेक या विषारी सापासाठी कुत्र्यांची लस निघाली होती, पण ती घेतलेली असली तरी दंशानंतर दवाखान्यात जावंच लागतं.

क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की ब्राउन स्नेकसारख्या सापांच्या विषाने कुत्र्याच्या रक्तातली गोठण्याची क्रिया मांजरापेक्षा फार लवकर सुरू होते. गोठवणारे घटक असे भराभर संपून जातात आणि मग रक्तस्राव थांबत नाही. कुत्र्याच्या बाबतीत वेळ किती कमी असतो, हे त्यावरून समजतं.

बोक्याची_आज्जी

हे बोक्याला वाचून दाखवणार नाही, आधीच स्वतःला घरचा मालक समजतो.

पावलं_मोजत

थोडं अवांतर. तोंडाला अचानक फेस आला की दर वेळी साप नसतो. बेडकासारखा दिसणारा खरबरीत कातडीचा भेक कुत्र्याने तोंडात धरला तरी भरपूर फेस येतो. अशा वेळी डोकं खाली झुकवून, पाणी घशात न जाता बाजूने वाहील अशा बेताने तोंड धुवायचं, हिरड्या ओल्या फडक्याने पुसायच्या आणि डॉक्टरांना फोन करायचा. झटके आले तर तडक दवाखाना.

गवताचं कुसळही त्रास देतं. कानात किंवा बेचक्यात शिरलं की पुढेच सरकतं. कुत्रा एकसारखं डोकं झटकत असेल तर गोचीड शोधताना कुसळही शोधा.

ओढ्याकाठी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! रानजाईंचा प्रतिसाद तर घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवला. जवळच्या तीन दवाखान्यांना फोन केले. एकाकडेच प्रतिविष असतं आणि रात्री तेच उघडं असतं. तो नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये गेला. साखळी दोन मीटरची आणली. डॉक्टरांशी बोलून गोळी ठरली, चिमीला फिटचा त्रास नाही आणि ती रोज पाण्यात उतरते.

आता दोन गोष्टी राहिल्या. घरातल्या गोचिड्यांचं काय करायचं? आणि बिळात तोंड घालायची सवय कशी मोडायची? ओरडलं की ती आणखी जोरात उकरते.

मोगरा_मी

घरासाठी: तिचं अंथरूण दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा, उन्हात टाका. ती जिथे झोपते तिथल्या भिंतीच्या फटी, फरशीची सांध, दाराच्या चौकटी, पलंगाच्या खालची बाजू व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि फटी बुजवा. अंगणातलं गवत कापलेलं ठेवा. फवारणी करायचीच तर चिमीला बाहेर ठेवून, जागा पूर्ण वाळल्यावरच आत घ्या. एकदा करून भागत नाही, कारण अंड्यांतून नवी पिढी येत राहते. गोळी चालू असलेली चिमी घरातच वावरत राहिली तर तिला चावणाऱ्या गोचिड्याही मरत जातील. दोन-तीन महिने नेटाने करा.

माळरानी

बिळाच्या सवयीसाठी ओरडू नका, तिला वाटतं तुम्हीही तिच्या उत्साहात सामील झालात. 'सोड' हा शब्द घरात शिकवा. मुठीत खाऊ धरा, ती हुंगेल, चाटेल, पंजा मारेल, मूठ उघडायची नाही. ज्या क्षणी ती तोंड मागे घेईल त्या क्षणी 'सोड' म्हणून दुसऱ्या हातातला, जास्त आवडता खाऊ द्यायचा. मग जमिनीवर ठेवलेल्या खाऊवर, मग अंगणात, मग साखळीत चालताना, आणि शेवटी बिळाजवळ. प्रत्येक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. विजेचे धक्के देणारे पट्टे वापरून सापाची भीती घालतात, ते मला मान्य नाही. कुत्रा घाबरून कुठे पळेल, कोणावर उलटेल, सांगता येत नाही.

तिची हुंगण्याची भूक मात्र भागवायलाच हवी. मोकळ्या मैदानात खाऊ विखरून शोधायला लावा. नाकाला भरपूर काम मिळालं की बिळाकडची ओढ कमी होते.

वारा_प्यालेला

'सोड' बरोबर 'मागे' पण शिकवा. साप समोर असेल तेव्हा कुत्र्याने तुमच्याकडे वळून उडी मारण्यापेक्षा सरळ मागे सरकणं जास्त उपयोगाचं. घराच्या अरुंद बोळकांडीत शिकवलं तर लवकर जमतं, वळायला जागाच नसते.

सावलीतला

एक शंका. मी फिप्रोनिलचे थेंब वापरतो. आंघोळ आणि थेंब यांचं गणित काय?

निळाभोर

थेंब टाकायच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको, ओढ्यात उतरणंही नको. औषध त्वचेवरच्या तेलातून अंगभर पसरतं, साबणाने ते तेलच निघून जातं. केस बाजूला करून थेट कातडीवर टाका, दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे त्याची जीभ पोचत नाही. आणि त्या दोन दिवसांतही बेचक्या तपासायच्याच.

बोक्याची_आज्जी

फोटो मिळाला! दोघं झोपेत. चिकटवते आहे.